डॉक्टर म्हणतात ते ऐकायचं की नेटवरचं?

आमच्या कुत्र्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच एका कंपनीच्या खाद्याची पाकिटं विकायला आहेत आणि पाच वर्षांच्या, नसबंदी झालेल्या लॅब्राडॉरसाठी ते तीच सुचवतात. यात त्यांचा फायदा असणारच. विश्वास कसा ठेवायचा? (पुणे)

फायदा असतो, आणि तसं त्यांना मोकळेपणानं विचारायलाही हरकत नाही. पण फायदा दुकानदाराचाही असतो आणि इन्स्टाग्रामवर सवलतीचा कोड देणाऱ्याचाही. त्या दोघांनी तुमच्या कुत्र्याला हात लावून पाहिलेलं नसतं. म्हणून सल्ला देण्याआधी डॉक्टरांनी काय काय केलं, ते आठवून बघा. वजन केलं का? फासळ्यांवरून हात फिरवला का? घरात दिवसभर कोण कोण काय भरवतं, याची चौकशी केली का? हे सगळं करून त्यांनी ‘रोज इतके ग्रॅम’ असं लिहून दिलं असेल, तर तो सल्ला माना. नुसतंच पाकीट हातात ठेवलं असेल, तर ‘हेच का, आणि दुसरं कोणतं चालेल?’ असं विचारा. निरोगी कुत्र्यासाठी दोन-तीन पर्याय सहज सांगता येतात. मूत्रपिंडाच्या आजाराची किंवा मुतखड्याची खास खाद्यं मात्र परस्पर बदलू नका. त्यांतलं फॉस्फरस आणि इतर क्षारांचं प्रमाण हा उपचाराचाच भाग असतो.

तुमच्या लॅब्राडॉरच्या बाबतीत मला पाकिटापेक्षा पोळीची काळजी जास्त वाटते. 30 किलोच्या, नसबंदी झालेल्या आणि बेताचं फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1,300 किलोकॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या पुढे जाते. पूर्ण वाटीभर खाद्य देऊन वर सकाळी आजोबांची एक, दुपारी ताटातली एक आणि रात्री उरलेली एक पोळी गेली, तर पाकीट कितीही उत्तम असलं तरी वजन वाढणारच. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर झालेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या. ज्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं, ती कुत्री सुमारे 1.8 वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. खाद्याच्या कुठल्याही महागड्या पाकिटाबद्दल असा पुरावा मला माहीत नाही.

जर्मन शेफर्डचं तीन महिन्यांचं पिल्लू आहे. पपी फूड देतो. ज्यांच्याकडून आणलं ते म्हणतात, हाडं मजबूत व्हायला कॅल्शियमचं सिरप द्याच. डॉक्टर म्हणतात, आजच बंद करा. (नाशिक)

डॉक्टरांचं ऐका. आणि बाटली खरोखर आजच बंद करा.

प्रौढ कुत्र्याच्या पोटात जास्त कॅल्शियम गेलं, तर आतडी ते कमी शोषतात आणि उरलेलं बाहेर टाकतात. पहिल्या काही महिन्यांत पिल्लांमध्ये हा ताबा पुरेसा तयार झालेला नसतो. जितकं द्याल त्यातलं बरंचसं शरीरात जातं आणि भराभर वाढणाऱ्या हाडांची घडण बिघडते. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट इथं ग्रेट डेनच्या पिल्लांवर 1980 च्या दशकात हे नीट अभ्यासलं गेलं. चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. त्यावर सिरप म्हणजे दुहेरी डोस. जर्मन शेफर्डसाठी पाकिटावर ‘मोठ्या जातीच्या पिल्लांच्या वाढीसाठी’ अशा अर्थाचा उल्लेख आहे का, तेवढं पाहा.

याच्या उलटही घडतं आणि तेही तितकंच वाईट. काही घरांत पिल्लाला नुसतं चिकन-भात मिळतं, हाड टोचेल म्हणून बिनहाडाचं. अशा मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट फॉस्फरस असतं. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. अशा पिल्लाच्या एक्स-रेत हाडाची कड पेन्सिलच्या रेघेइतकी बारीक दिसते आणि सोफ्यावरून उडी मारली एवढ्यानं पाय मोडतो. घरचे म्हणतात, पण आम्ही रोज कोवळं ऊन देत होतो! उन्हानं माणसाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ते जवळजवळ होतच नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं.

म्हणजे सिरप कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे बाकी ताटात काय आहे त्यावर ठरतं. ‘याच्या रोजच्या खाण्यात कॅल्शियम किती जातंय?’ असं डॉक्टरांना विचारा. हा हिशेब न करता बाटली लिहून देणाऱ्यापेक्षा तो करून बाटली बंद करायला सांगणारे तुमचे डॉक्टर मला जास्त भरवशाचे वाटतात.

नेटवर वाचलं की डॉक्टरांना पोषण शिकवतच नाहीत आणि धान्य कुत्र्यांसाठी विषच. खाणं घरी करावं की ग्रेन-फ्री (धान्य नसलेलं) खाद्य घ्यावं? (ठाणे)

पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या पदवीत पशुपोषण हा स्वतंत्र विषय आहे. त्यात गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांवर भर जास्त असतो, हेही खरं. त्यामुळे ‘तुम्ही कुत्र्यांच्या आहाराचं विशेष काम करता का?’ हा प्रश्न अजिबात उद्धट नाही. करत नसतील, तर तसं सांगून दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांना धरून राहा.

धान्य विष नाही. कुत्रा माणसाजवळ राहू लागल्यावर पिष्टमय पदार्थ पचवणारी त्याची जनुकं वाढली. 2013 मधल्या स्वीडिश संशोधनात ते दिसलं. उलट ग्रेन-फ्री खाद्यात धान्याच्या जागी अनेकदा वाटाणा आणि मसूर भरपूर असतो. अशा खाद्यांचा हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) 2018 मध्ये जाहीर केली. नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही. पण गरज नसताना तो धोका घ्यायचाच कशाला?

घरचं करायला माझा विरोध नाही. मात्र पाककृती नेटवरची नको. कॅलिफोर्नियात 2013 मध्ये अशा 200 पाककृती तपासल्या, तर 95 टक्क्यांमध्ये निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्यांत पशुवैद्यकांनी लिहिलेल्याही होत्या! तुमच्या कुत्र्याचं वजन, वय आणि आजार पाहून कुणीतरी बसून आखून दिलेला आहार असेल, तरच रोज घरचं करा. आणि त्यातली खनिजांची पूड ‘आज संपली’ म्हणून गाळू नका.

आमचं घर शाकाहारी. कुत्रा वरण-भात, दूध-पोळीवर वाढला तर चालेल? (सांगली)

नुसत्या त्यावर नाही. प्रौढ कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, पण त्यासाठी मेथिओनिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक), बी-12, ड जीवनसत्त्व असं सगळं हिशेबानं घातलेलं संपूर्ण खाद्य लागतं. पिल्लाच्या आणि गाभण कुत्रीच्या बाबतीत मी हा प्रयोग करू देणार नाही. अंडं चालत असेल, तर बरंच सोपं होतं. दुधानं जुलाब होत असतील, तर ते बंद करा.

पूजेच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्यानं खाल्ले. तूर्त ठीक दिसतो. वाट पाहू का? (कोल्हापूर)

नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर होतील हे आधी सांगता येत नाही. चिंचेनंही तसंच होऊ शकतं, म्हणून तिच्यापासूनही लांब ठेवा. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर औषधानं उलटी करवू शकतात. घरी मीठ-पाणी पाजू नका, त्यानं रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जातं. साधारण किती खाल्ले, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती, हे फोनवर सांगा आणि तसेच दवाखान्यात निघा.