बंदरापलीकडची वाळू परत का येत नाही?

प्रश्न : वादळात पुळण पार धुऊन गेली तरी काही महिन्यांत आपोआप भरून येते. बंदराच्या भिंतीपलीकडची मात्र गेली ती गेलीच. समुद्र तोच, लाटा त्याच. मग हा दुजाभाव का? तिथे किनाऱ्यालगत दगडी भिंत घातली तर वाळू टिकेल का?

उत्तर : एकात दोन प्रश्न विचारलेत ते बरं झालं, कारण भल्याभल्यांची गल्लत नेमकी इथेच होते. वाळू दोन प्रकारे हिंडते : समुद्राकडे जाऊन परत येते, आणि किनारा धरून आडवी सरकते.

पहिल्याचा फार धसका घेऊ नका. वादळातल्या उंच, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा पुळण खरवडतात, पण त्यातली बरीचशी वाळू लांब जात नाही. लाटा फुटतात त्या पट्ट्यात पाण्याखाली तिचा दांडा तयार होतो. पुढच्या लाटा मग या दांड्यावरच फुटतात, म्हणजे पुळण स्वतःच्याच वाळूने स्वतःला वाचवते. हवा निवळली की लांब, संथ लाटा ती वाळू पुन्हा वर आणून टाकतात.

खरी गोम आडव्या प्रवासात आहे. ओल्या वाळूत उभं राहून एकाच लाटेचा फेस नीट बघा. लाट बहुधा थोडी तिरकी येते, म्हणून फेस तिरका वर चढतो. उतरताना मात्र उताराने सरळ खाली घसरतो. वाळूचा कण एका वाटेने चढतो, दुसऱ्या वाटेने उतरतो आणि दर लाटेला जरासा बाजूला सरकतो. जरासा म्हणून हसू नका. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखापाशी अशी वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर वाळू उत्तरेकडे जाते! जितकी जाते तितकी मागून येते, म्हणून पुळण जागच्या जागी दिसते, इतकंच.

या ओघात भिंत घुसवली की येणारी वाळू अडते, जाणारी जातच राहते. मद्रास बंदराचं काम १८७० च्या दशकात सुरू झालं. दक्षिणेला वाळू साठत गेली, मरीनाची पुळण ऐसपैस झाली. उत्तरेला रायापुरमचा किनारा समुद्र खात सुटला. एकाच भिंतीच्या या दोन बाजू, पण फोटो मात्र मरीनाचे निघतात. अमेरिकेत ओशन सिटीजवळ १९३३ च्या वादळाने नवी खाडी फोडली. ती उघडी राहावी म्हणून दगडी बांध घातले, तर दक्षिणेच्या असाटीग बेटाचं उत्तर टोक वाळूवाचून शेकडो मीटर जमिनीकडे सरकलं.

आता तुमची किनाऱ्यालगतची भिंत. ती मागचा रस्ता वाचवेल, पुळण नाही. भिंतीवर आपटून परतणारं पाणी पायथ्याची वाळू उकरतं आणि भिंतीमागची वाळू समुद्राला मिळेनाशी होते. शिवाय भिंत संपते तिथून शेजाऱ्याची धूप वाढते. घरं वाचवायची असतील तर जरूर बांधा, पण पुळणीच्या नावाने बांधू नका.

ट्वीडला २००१ पासून निराळा मार्ग काढला आहे. समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याखाली पंप आहेत. ते वाळू उपसून नळांतून नदीच्या पलीकडच्या किनाऱ्यांवर सोडतात. खर्चिक काम, आणि मुखाच्या भिंती आहेत तोवर न संपणारं. माझं मत विचाराल तर हा खर्च बंदराच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा, भिंतीचा पहिला दगड पडण्याआधी.