इंग्रजीच्या पलीकडची बातमी

तुझा मेसेज वाचला, पत्रकारितेत यायचंय म्हणून रोज एवढ्या न्यूज साइट्स वाचतेस हे बघून खरंच बरं वाटलं. पण त्या सगळ्या इंग्रजी आहेत, म्हणून हे लिहितोय.

आठ साइट्सवर एकच बातमी दिसली की ती पक्की, असं धरू नकोस. वर किंवा खाली पीटीआय नाहीतर यूएनआय लिहिलंय का बघ, या अनेक पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या एजन्सी आहेत. असेल तर कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, एकच आहे, नुसतं हेडिंग बदललंय, आणि पडताळणी करताना तो एकच सोर्स मोजायचा. भाषिक पेपरांतही एजन्सीची कॉपी असतेच, पीटीआयची हिंदी सेवा 'भाषा' १९८६ पासून चालू आहे.

म्हणून बातमी जिथे घडली तिथल्या भाषेत वाच आणि वाद असेल तर दोन्हीकडच्या भाषेत. कावेरीच्या पाणीवादाचंच घे ना, १६ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कर्नाटकने तामिळनाडूला सोडायचं पाणी १९२ टीएमसीवरून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) १७७.२५ वर आणलं, कमी केलेल्या १४.७५ मधलं १० टीएमसी तामिळनाडूकडे भूजल आहे या हिशोबाने आणि ४.७५ बेंगळुरूला प्यायला. आता बेंगळुरूचा वाचक नळाचं बघणार, कर्नाटकातल्या मंड्याचा शेतकरी कालव्याचं आणि तामिळनाडूतल्या तंजावरचा कुरुवई या तिथल्या भाताच्या हंगामाचं, निकाल एकच पण प्रश्न तीन वेगळे, आणि दिल्लीत बसून लिहिलेल्या एका कॉपीत ते तिन्ही मावत नाहीत. त्या आठवड्यातले कन्नड आणि तमिळ पेपर शोधून समोरासमोर ठेव, मोठी बातमी काय केलीय आणि आतल्या पानावर काय ढकललंय ते बघ.

भाषा येत नसेल तर ट्रान्सलेटचं बटण आहे, सुरुवातीला चालेल, फक्त त्यातून कुणाचं वाक्य अवतरणात टाकू नकोस, आधी ती भाषा येणाऱ्याला मूळ ओळ दाखव. गावाची नावंही तपास, त्यात हमखास घोळ होतो.

चित्रकूटमध्ये २००२ ला बायकांनी बुंदेलीत सुरू केलेलं 'खबर लहरिया' जरूर बघ, आता ते डिजिटल आहे. आणि एक अगदी कळकळीने सांगतो, जिल्ह्यातल्या स्ट्रिंगरने, म्हणजे पगारावर नसलेल्या स्थानिक बातमीदाराने, आधी दिलेली बातमी तू इंग्रजीत केलीस तर त्याचं आणि त्याच्या पेपरचं नाव घाल, पहिल्या दोन परिच्छेदांतच घाल, तिथे राहून लिहायची जोखीम त्याने घेतलेली असते.

कन्नड की तमिळ ते ठरव आणि कळव, त्या डेस्कवरच्या कुणाशी तरी तुझी ओळख करून देतो.