मुलीला नर्सिंगला घालायचंय, पण रात्रपाळीचं काय?

"रातनी डुटी शे ना तठे, ताई?" शिरपूर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांनी खुर्चीवर बसता बसताच विचारलं. मुलगी बारावी सायन्स, नीटला मार्क कमी पडलेले, बी.एस्सी. नर्सिंग करायचं तिनं मनाशी पक्कं केलेलं. निकालानंतर खान्देशातले बरेच पालक करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"असते," मी सांगितलं. ते लपवण्यात अर्थ नाही. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या फिरत राहतात. मग विचारलं, "दादा, भीती वॉर्डाची वाटते की रस्त्याची?" तसे ते बोलू लागले. शेवटची एसटी कधी सुटते, फाट्यावरून गाव किती लांब, रस्त्याला दिवा नाही. वॉर्डाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.

रात्रपाळीची सिस्टर संध्याकाळच्या गाडीनं येते आणि उजाडल्यावर चार्ज देऊन निघते. अडचण खरी दुपारपाळीची. ती सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि एसटी गेलेली असते. म्हणजे प्रश्न दवाखान्याजवळ राहायच्या सोयीचा आहे.

मुलगी तोवर गप्प होती. आजी ॲडमिट असताना पाहिलेलं तिनं सांगितलं: पाळी बदलताना दोन सिस्टर प्रत्येक खाटेशी थांबतात, कुठलं सलाईन चालू, पुढचं इंजेक्शन कधी, लघवी किती झाली, कोणाकडे जास्त लक्ष ठेवायचं. बाप तिच्याकडे बघतच राहिला.

"मग लॅबचं शिकू दे तिले," ते म्हणाले. रात्र टाळायची म्हणून लॅब निवडू नये, असं मला ठामपणे वाटतं. मोठ्या रुग्णालयात रक्त रात्रीही तपासावं लागतं, एक्स-रे रात्रीही निघतात. लॅबची आवड असेल तर जरूर जावं, पण हिला माणसांत राहायचं होतं.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्याची सीईटी. आर्ट्सवाल्यांना तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका आहे, त्यावर पोस्ट बेसिक हा पुढचा कोर्स करून पदवी घेता येते. पुढे अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) अशी बढती. समुदाय आरोग्य अधिकारी झाली तर उपकेंद्रावरचं काम, वॉर्डातल्या फिरत्या पाळ्या नाहीत. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यामुळे मोठ्या रुग्णालयातली नोकरी म्हणजे मुंबई-पुणेच असं राहिलेलं नाही.

एका एजंटानं त्यांना परराज्यातली "थेट सीट" सुचवली होती. पैसे भरण्याआधी इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासा, पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होईल का ते विचारा, असं मी बजावलं. कॉलेज बघायला जाल तेव्हा होस्टेल, प्रॅक्टिकलचं रुग्णालय आणि दुपारपाळीनंतर मुलींना सोडायची गाडी, हे तिन्ही स्वतः डोळ्यांनी पाहा. पुढच्या आठवड्यात बापलेक कॉलेजं बघायला निघाले.