‘बाबांचं पोट दुखतंय’ एवढंच मुलीला सांगितलंय

प्रश्न : नवऱ्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. केमो थांबवली, काही आठवडेच उरलेत असं डॉक्टर म्हणाले. मुलगी 6 वर्षांची, मुलगा 14 चा. मुलीला ‘बाबांचं पोट दुखतंय’ एवढंच ठाऊक आहे. सासूबाई म्हणतात, कोवळ्या जिवांना कशाला सांगायचं? हल्ली मुलगी रोज पोट धरून रडते. मुलगा तोंडच उघडत नाही. काय करू?

उत्तर : ताई, सांगा. आणि बाबा बोलू शकताहेत तोवर सांगा.

लेकीचं पोट एकदा डॉक्टरांना दाखवाच. पण ती नाटक करत नाहीये. पोट दुखलं की माणूस अंथरूण धरतो, एवढंच तिच्या हाती लागलंय, त्यामुळे स्वतःचं पोट दुखलं की ती घाबरणारच. म्हणून आजाराचं नाव घ्या. ‘बाबांना कॅन्सर झालाय. आपलं पोट दुखतं ते वेगळं, ते बरं होतं. बाबांना खूप औषधं दिली, पण आता ती काम करत नाहीत. बाबा मरणार आहेत.’ मग गप्प बसा. शब्द जड आहे, मला कळतं. पण ‘झोपणार’ म्हटलं तर मुलं झोपायला घाबरतात आणि ‘गावाला जाणार’ म्हटलं तर वाट पाहत बसतात. मरण म्हणजे श्वास थांबतो, भूक लागत नाही, दुखत नाही आणि माणूस परत येत नाही, हे आधी सांगा. देवाचं जे मानत असाल ते त्यानंतर.

दोन मिनिटांनी ती ‘खेळायला जाऊ?’ म्हणेल. जाऊ द्या. लहान मुलं दुःख घोटाघोटानं पितात. तोच प्रश्न ती वीसदा विचारेल. दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्या.

तीन प्रश्न मात्र मुलं बहुधा तोंडानं विचारत नाहीत. माझ्यामुळे झालं का? मलाही होईल का? मला कोण बघणार? न विचारता उत्तरं द्या. तू हट्ट केलास, रागावलीस म्हणून हे झालं नाही. मिठी मारून कॅन्सर लागत नाही. शाळेत कोण सोडेल, वेणी कोण घालेल, रात्री जवळ कोण झोपेल, हे माणसांची नावं घेऊन सांगा.

मुलाला आधी आणि वेगळं सांगा. त्यानं फोनवर बरंच वाचलेलंही असेल, म्हणून सुरुवात ‘तुला काय काय माहीत आहे?’ इथून करा. समोरासमोर बसवू नका. भांडी आवरताना, चालताना ही मुलं जास्त बोलतात. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य कुणालाही त्याच्यासमोर बोलू देऊ नका. बाबांचं एखादं काम त्याला हवं असेल तर करू द्या, मित्रांकडेही जाऊ द्या. आणि एक गोष्ट आत्ताच विचारून ठेवा : रात्री काही झालं तर तुला उठवू का? तो म्हणेल तसंच करा. तो जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलला किंवा स्वतःला इजा करू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दोघांच्या वर्गशिक्षकांना कळवा. वर्गात काय सांगायचं ते मुलांनाच ठरवू द्या.

सासूबाईंचा विरोध मायेपोटी आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. मुलांशी बोलण्याआधी त्यांना जवळ बसवून कोणते शब्द वापरणार ते ऐकवा. नाहीतर तुम्ही ‘बरे होणार नाहीत’ म्हणाल, त्या ‘होतील हं बरे’ म्हणतील, आणि लेक पुन्हा एकटीच अंदाज बांधत बसेल. सांगताना रडू आलं तर येऊ द्या, फक्त का रडताय ते तिला सांगा.