तक्त्यात पहिला आलेला माणूस

डी मॉइन, रविवार

बाळ,

तुझी फाईल मिळाली. नागरिकत्वाची शपथ घेऊन तीन आठवडे झाले नाहीत आणि तू पहिल्या अध्यक्षीय मतदानासाठी एक्सेल उघडून बसलीससुद्धा. काकू म्हणाली, "ही तुमच्याच तालमीतली दिसते." अनुभवाला ४० गुण, भूमिकांना ६०, आणि तक्ता चालतो का ते बघायला तू तो २००८ च्या डेमोक्रॅटिक पक्षातल्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांना लावून पाहिलास. पहिला आला बिल रिचर्डसन. खाली तुझी शंका: "काका, फॉर्म्युल्यात काही चुकलंय का?"

फॉर्म्युल्यात काही चूक नाही. त्या रात्री मीही रिचर्डसनच्याच कोपऱ्यात उभा होतो.

३ जानेवारी २००८. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत शाळेच्या कॅफेटेरियात ओल्या बुटांचा वास. तेव्हाचं आयोवातल्या डेमोक्रॅट मंडळींचं कॉकस (पक्षाचा उमेदवार निवडायची सभा) म्हणजे गुप्त मतदान नव्हे. प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा, आपण आपल्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं, मग डोकी मोजायची. १५ टक्के डोकी नसतील तो कोपरा बाद. तिथल्या लोकांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी. आम्ही एकूण २१२ होतो, म्हणजे ३२ हवे होते. आमच्या कोपऱ्यात भरले १९.

बाद झालो म्हटल्यावर चारी बाजूंनी माणसं आमच्यावर तुटून पडली, पंगतीत आग्रह करतात तशी. समोरच्या घरातला शेजारी ओबामाकडून आला, तोही कुकीजचा डबा घेऊन. काकू हिलरी क्लिंटनच्या कोपऱ्यातून नुसती बघत होती. आलो होतो एकाच गाडीतून. एक निवृत्त शिक्षिका जवळ येऊन म्हणाल्या, "तुमचा माणूस फार लायक आहे, मला मान्य. पण त्याचं तुम्हाला पटलेलं एक म्हणणं सांगा." मी त्याच्या नोकऱ्या सांगायला लागलो. काँग्रेसमध्ये (म्हणजे इथल्या संसदेत) १४ वर्षं, संयुक्त राष्ट्रांत राजदूत, ऊर्जामंत्री, न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर (म्हणजे राज्याचा निवडून आलेला कारभारी). त्या शांतपणे म्हणाल्या, "हे झालं त्यांच्याबद्दल. मी विचारलं ते म्हणणं?"

मला एकही आठवेना.

गंमत म्हणजे रिचर्डसनला हे ठाऊक असावं. त्याची एक जाहिरात आयोवात लागायची. नोकरीच्या मुलाखतीला तो बसलाय, समोरचा साहेब खाता खाता त्याचा लांबलचक बायोडेटा वाचतो आणि शेवटी विचारतो, मग आपण अध्यक्ष होऊ शकू असं तुम्हाला कशावरून वाटतं? आम्ही पोट धरून हसायचो. मत देताना तोच प्रश्न आमच्यावर उलटला.

राज्यभर त्याला दोनेक टक्के मिळाले. बायडन १९७३ पासून सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य), त्याला एक टक्काही नाही. दुसरा सिनेटर क्रिस डॉड, त्याने तर बिऱ्हाडच डी मॉइनला हलवलं होतं, मुलीला इथल्या बालवाडीत घातलं होतं. तो आणि बायडन दोघंही त्याच रात्री शर्यतीतून बाहेर. पहिला आला ओबामा, सिनेटमध्ये जेमतेम तीन वर्षं झालेला.

म्हणून लोकांनी अनुभव बघितलाच नाही, असं समजू नकोस. आपल्या विम्याच्या धंद्यातलं उदाहरण घे. पहिल्याच वर्षी तू माझ्याकडे एक अर्ज आणला होतास: ३० वर्षं गाडी चालवतोय, एकही अपघात नाही. तू लगेच कमी जोखमीचा शिक्का मारलास. मी म्हटलं, किलोमीटर विचार. निघालं काय, तर गाडी वर्षभर गॅरेजमध्येच. वर्षं मोजायची ती चाक फिरलेली. २००८ ला लोक तेच विचारत होते. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर बळ वापरायची मुभा देणारा ठराव सिनेटपुढे आला, तेव्हा हिलरीने आणि बायडनने बाजूने मत दिलं. ओबामा तेव्हा इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये होता, शिकागोच्या सभेत तो त्या युद्धाविरुद्ध बोलला. त्याच्या हातात मत नव्हतं, बोलणं स्वस्त होतं, असं काकू आजही म्हणते, आणि तिचं अगदीच चूक नाही. पण लोकांनी अनुभवाचा अर्थ "कठीण वेळी काय ठरवलं" असा लावला होता, हे ध्यानात घे.

मग फेब्रुवारीअखेर हिलरीची ती जाहिरात आली: पहाटेचे तीन, मुलं झोपलीत, व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय, तो कुणी उचलावा? काकूला ती पटली. मला वाटलं, फोन उचलून बोलणार काय हे कुणी सांगत नाही. आठवडाभर आमच्याकडे जेवताना हाच विषय.

मतदार अनुभव एकाच तराजूत तोलत नाहीत. कशाला कंटाळलेत त्यावर तराजू बदलतो. त्याच बायडनला २०२० मध्ये आयोवाने चौथा काढला, पण पुढे देशाने निवडलं, आणि तेव्हा त्याच्या वर्षांचाच भाव होता. २०१६ मध्ये उलट. ट्रम्पने आधी ना कुठलं सरकारी पद भूषवलं होतं ना सैन्यात नोकरी केली होती, असा अध्यक्ष त्याआधी झालाच नव्हता, आणि त्याच्या मतदारांना नेमकं तेच हवं होतं. जुन्या अध्यक्षांपैकी जेम्स ब्युकॅननला तक्त्यात टाकून बघ. खासदार, सिनेटर, रशियात आणि ब्रिटनमध्ये राजदूत, परराष्ट्रमंत्री. पैकीच्या पैकी गुण. देश त्याच्याच डोळ्यांदेखत फुटायला लागला. त्याच्यामागून आलेल्या लिंकनच्या नावावर देशपातळीवर काँग्रेसची एक टर्म आणि सिनेटचा पराभव.

आणखी एक. तू सिनेटरला आणि गव्हर्नरला वर्षामागे सारखेच गुण दिलेस. सिनेटर मत देतो, गव्हर्नर सही करतो आणि मग निस्तरतो. शिवाय सिनेटरच्या शेकडो मतांतून विरोधक हवं ते उचलतात. २००४ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार, सिनेटर जॉन केरी ८७ अब्ज डॉलरच्या एका विधेयकाबद्दल म्हणाला की विरोधात मत देण्याआधी मी बाजूने दिलं होतं. संसदेतल्या माणसाला त्यात वावगं काही दिसणार नाही, पण बाहेर त्याचं हसं झालं. केनेडीनंतर थेट सिनेटमधून निवडून आलेला पहिला माणूस ओबामाच, मध्ये ४८ वर्षं गेली.

आता भूमिका. तुझ्या तक्त्यात सगळ्यात जड रकाना ग्रीन कार्डचा आहे. दिवाळीच्या फराळालाही आपल्या लोकांत हाच विषय असतो, त्यामुळे नवल नाही. पण कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाहीत, ही मर्यादा कायद्यात आहे. ती काँग्रेस बदलेल, अध्यक्ष एकटा नाही. उलट २०१५ मध्ये एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या काही जोडीदारांना नोकरी करायची मुभा मिळाली (तुझ्या वहिनीला मिळाली तीच), ती सरकारने नियम बदलून दिली, कायदा तोच राहिला. तेव्हा प्रत्येक भूमिकेपुढे लिही: हे त्याच्या हातात आहे, की काँग्रेसच्या? दुसऱ्या प्रकारच्या भूमिकेला शून्य देऊ नकोस, पण मग सिनेटच्या निवडणुकीकडेही तेवढंच लक्ष दे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, व्हेटो, परदेशाशी व्यवहार, यात त्याचा हात मोठा. तिथे गुण वाढव.

दिलेला शब्द किती टिकेल हेही बघायला हवं. थोरल्या बुशने १९८८ च्या अधिवेशनात ठणकावून सांगितलं, नवे कर नाहीत. १९९० मध्ये तूट आणि डेमोक्रॅट बहुमताची काँग्रेस समोर आल्यावर करवाढीला मान्यता दिली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला, १९९२ मध्ये लोकांना वाटला नाही. तो शब्द द्यायलाच नको होता, असं माझं मत.

आणि एवढी मेहनत प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) कामाला येईल. तिथे उमेदवार एकाच घरातले, भूमिका जवळजवळ सारख्या, मग माणूस तोलावा लागतो. नोव्हेंबरातल्या अंतिम निवडणुकीत बहुतेकांचं मत पक्षानेच ठरवलेलं असतं. तुझंही ठरेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या रात्री मी शेवटी कुठल्या कोपऱ्यात गेलो ते सांगणार नाही. काकूने अठरा वर्षांत माफ केलेलं नाही, एवढ्यावरून ओळख.

गेल्या महिन्यात तू अपार्टमेंट बदललंस ना? मतदार नोंदणी नव्या पत्त्यावर कर. तक्ता परत पाठवतोय. "हातात आहे का?" असा एक रकाना वाढवलाय, गव्हर्नरचे गुण बदललेत. रिचर्डसनच्या ओळीला हात लावलेला नाही.

तुझा,
काका