आठ डिस्क सर्व्हरबाहेर: आधी वीज बघा, मग केबल

कुडाळहून आलेला प्रश्न असा: दशावताराच्या नाटकांचं चित्रीकरण साठवलेला जुना टॉवर सर्व्हर, त्याचे चारही कप्पे भरलेले, आणि हातात आणखी आठ साटा डिस्क (घरगुती संगणकातल्या नेहमीच्या हार्ड डिस्क). चार-चार डिस्कचे दोन यूएसबी डॉक (यूएसबीनं जोडायचे डिस्कचे स्टँड) घेऊन भागेल का?

भागेल. फक्त मध्यरात्री चार डिस्क एकदम गायब झाल्या म्हणून उठायची तयारी ठेवा.

वेगासाठी नाही म्हणत मी. तुमचं घरचं नेटवर्क एक गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर काही जायचं नाही, आणि तेवढं यूएसबी ३.० आरामात देतं. दुखणं आहे ते डॉकमधल्या ब्रिज चिपचं, म्हणजे यूएसबी आणि साटा यांच्यातल्या दुभाष्याचं. तिला जरा काही खुपलं की ती रीसेट होते आणि तिच्यामागच्या सगळ्या डिस्क एका क्षणात जातात. रेडला (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेला) वाटतं चार डिस्क मेल्या. काही चिप तर डिस्कचा खरा सीरियल नंबरही पुढे देत नाहीत, मग आठातली आजारी कुठली ते शोधत बसा. ई-साटाच्या (साटाचं बाहेरचं पोर्ट) एका केबलवर पाच डिस्क चालवणारे पोर्ट मल्टिप्लायरही मिळतात, पण कितीतरी मदरबोर्डांना त्यातली एकच डिस्क दिसते. ती वाट सोडा.

सॅसकडे या, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधल्या डिस्क जोडायच्या पद्धतीकडे. साटा डिस्क सॅसच्या सामानात बिनतक्रार चालते (उलटं मात्र नाही, सॅस डिस्क साटा पोर्टवर चालत नाही). सर्व्हरमध्ये बाहेर पोर्ट असलेलं एक एचबीए कार्ड (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) बसवायचं आणि डिस्क बाहेर वेगळ्या पेटीत ठेवायच्या. एलएसआयचं ९२००-८ई किंवा ९२०७-८ई जुन्या बाजारात मिळतं. ते आयटी मोडच्या (रेड न करता डिस्क थेट पुढे देणाऱ्या) फर्मवेअरचं आहे ना, एवढं विचारून घ्या. रेड कार्ड नको. डिस्क जशा आहेत तशा लिनक्सला दिसू द्यात. पेटीत एक्स्पांडर (एका जोडणीला अनेक फाटे देणारं कार्ड) असला की एकाच एसएफएफ-८०८८ केबलनं आठही डिस्क जोडल्या जातात. त्या केबलमध्ये ६ गिगाबिटच्या चार वाटा असतात, म्हणजे सेकंदाला साधारण २,४०० एमबी. आठ डिस्क जोरात पळाल्या तरी पुरून उरेल. साटाची साधी केबल एक मीटरच्या पुढे न्यायची नसते. इथे बाहेरची केबल सॅसची असल्यानं दोन-तीन मीटरवर पेटी ठेवली तरी काही बिघडत नाही.

तयार पेटी महाग वाटली तर जुन्या कॅबिनेटात एक्स्पांडर कार्ड आणि पॉवर सप्लाय घालूनही काम होतं. मदरबोर्ड नसताना सप्लाय सुरू करायचा म्हणजे २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर एखाद्या काळ्या वायरला जोडायची.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. आठ एकदम उठल्या तर १६ अँपिअर, म्हणजे काही सेकंद १९० वॉट फक्त त्या एका लाइनवर. नंतर सगळ्या मिळून साठ-सत्तर वॉटवर येतात, पण कमकुवत सप्लाय त्या पहिल्या सेकंदांतच मान टाकतो. एक्स्पांडर बऱ्याचदा डिस्क टप्प्याटप्प्यानं उठवतो, तरी हिशोब १६ चाच धरा. मोलेक्सवरून (पॉवर सप्लायचा जुना चार पिनांचा कनेक्टर) साटा करणारी, मागचं प्लॅस्टिक ओतून बंद केलेली स्वस्त ॲडॉप्टर वापरू नका. आत वायरी चिकटतात आणि जळतात. माझ्याकडे त्यातलं एक आहे, अर्धं वितळलेलं. मुद्दाम जपून ठेवलंय, दाखवायला. बाहेरच्या यूएसबी पेटीतून काढलेली एखादी डिस्क फिरतच नसेल तर तिला मेलेली समजू नका. काही नव्या डिस्कना पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या बंद राहतात. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी टेप) बारीक पट्टी लावा.

आता आपल्याकडची गोष्ट. माझं घर वेंगुर्ल्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर. पहिली पेटी मी पडवीत ठेवली, हवा खेळती म्हणून. दोन पावसाळ्यांनी उघडली तर पिंजऱ्याचे स्क्रू पेढ्यासारखे भुगा होत होते आणि पंख्याच्या पात्यांवर खारट पांढरा थर. तेव्हापासून पेटी माजघरात, जमिनीपासून दोन फूट वर. पावसात ती बंद ठेवत नाही, चालती डिस्क गरम असते म्हणून ओल धरत नाही. सुट्या डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. डिस्कवरच्या बारीक भोकावर मात्र टेप लावू नका, ती तिची श्वास घ्यायची जागा आहे.

उलट मे महिन्यात एचबीए कार्ड तापतं. त्याला स्वतःचा पंखा नसतो, सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेलं असतं ते. टॉवरमध्ये हीटसिंकवर एक छोटा पंखा केबल टायनं बांधा.

लाईटचं काय सांगायचं. मी एकदा सर्व्हर यूपीएसवर आणि पेटी साध्या बोर्डावर लावली, यूपीएसला जागा उरली नव्हती म्हणून. लाईट गेली, सर्व्हर चालू, आठही डिस्क गायब. चुका कराल तर निदान ही नको: दोन्ही एकाच यूपीएसवर, एकाच अर्थिंगवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढं कुठलाच यूपीएस ओढत नाही. त्याचं काम दहा मिनिटांत सगळं नीट बंद करणं, आणि ते आपोआप व्हावं म्हणून यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून ठेवा. सुरू करताना आधी पेटी, मग सर्व्हर. बंद करताना आधी सर्व्हर.

या आठ डिस्कवरचा माल दुसरीकडे कुठेही नसेल तर आधी दोन डिस्क बाजूला काढून बॅकअपला लावा, रेडमध्ये घालू नका. आणि तुमच्याकडे पडलेल्या पॉवर सप्लायच्या स्टिकरचा फोटो टाका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघितल्याशिवाय कार्ड मागवू नका.