वाचकांचे प्रश्न : डिसॲबिलिटी पेन्शनचं अपील अडकलं तर

प्रश्न : मराठा लाइट इन्फंट्रीतून २०२१ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणारं डॉक्टरांचं मंडळ) बीपीसाठी आयुष्यभराचं ३० टक्के अपंगत्व धरलं, पण आजार नोकरीमुळे नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही, असा शेरा मारला. क्लेम फेटाळला गेला. पहिलं अपील करून चौदा महिने झाले, उत्तर नाही. थांबावं का? (खानापूर)

उत्तर : थांबू नका. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (फौजी खटल्यांचं वेगळं न्यायाधिकरण) कायद्याच्या कलम २१ नुसार थेट ट्रिब्युनलकडे जाता येतं. कलम २२ नुसार त्यापुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. म्हणजे तुम्हाला दोन महिने उशीर झालाय. उशीरमाफीचा वेगळा अर्ज जोडा. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला होत असल्याने तो सहसा मंजूर होतो.

थकबाकीला मात्र माफी नाही. तरसेम सिंग खटल्यातल्या (२००८) निकालानुसार उशिरा आलेल्याला अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची थकबाकी मिळते. वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक महिना मागून कमी होत जातो. ‘वरून येईल उत्तर’ या भरवशावर माणसं बसून राहतात आणि हक्काचा पैसा जातो, याचं फार वाईट वाटतं.

हिशोबच बघा. पेन्शनसाठी धरलेला शेवटचा पगार ४०,००० असेल, तर १०० टक्के अपंगत्वाला डिसॲबिलिटी पेन्शन त्याच्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. तुमच्या ३० टक्क्यांना ३,६००. पण राउंडिंग ऑफमध्ये ३० चे ५० धरतात, म्हणजे महिना ६,००० आणि वर महागाई भत्ता. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने राम अवतार खटल्यात १० डिसेंबर २०१४ ला ठरवलं. अर्जात राउंडिंग ऑफची मागणी वेगळी लिहा.

आता कागद. तुमचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे रेजिमेंटमधल्या जवानांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, बेळगावातच आहे. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून तिथं माहिती अधिकाराचा अर्ज द्या आणि दोन गोष्टी मागा : मेडिकल बोर्डाची संपूर्ण प्रत, आणि तुमचं अपील कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पुढं गेलं. उत्तराची मुदत ३० दिवस. वैद्यकीय कागद जोडलेले नाहीत म्हणून अपील रेकॉर्ड ऑफिसातच पडून राहिलेलं असू शकतं.

बोर्डाच्या प्रतीत मत नोंदवलेलं पान काढा. ‘आजार पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या, शांत ठिकाणच्या पोस्टिंगवर) सुरू झाला’ एवढंच कारण असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) कोर्टाने सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत झाला तर तो नोकरीमुळेच असं गृहीत धरायचं. तो नोकरीमुळे नाही असं म्हणायचं असल्यास बोर्डाने कारणं द्यायची. वजन किंवा तंबाखूचं कारण लिहिलेलं असेल तर लढत अवघड. मग वार्षिक मेडिकलमधल्या वजनाच्या नोंदीही मागवा. सोबत पोस्टिंगचा तक्ता हवाच : कुठं, कधीपासून कधीपर्यंत, त्यातलं फील्ड (सीमेवरची वा मोहिमेवरची ड्युटी) किती, हाय अल्टिट्यूड किती, आणि बीपी पहिल्यांदा कधी सापडलं.

कर्नाटकात राहणाऱ्यांचा अर्ज कोची खंडपीठाकडे जातो.

प्रश्न : माझं रेकॉर्ड ऑफिस बेळगावचं, पण घर चंदगड तालुक्यात. मीही कोचीलाच जायचं का? (चंदगड)

उत्तर : नाही. निवृत्त माणसाला सध्या राहतो तिथलं खंडपीठ चालतं. तुम्ही मुंबईला अर्ज करा, पत्त्याचा पुरावा महाराष्ट्रातला जोडा.

प्रश्न : अपील चालू असताना पती वारले. आता ते बंद होणार का? शिवाय आमचं आडनाव फौजेच्या कागदांत ‘डब्ल्यू’ने आणि माझ्या आधारवर ‘व्ही’ने आहे. (निपाणी)

उत्तर : ताई, अपील बंद पडू देऊ नका. मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या थकबाकीवर वारसाचा हक्क असतो. मृत्यू दाखला जोडून, तुमचं नाव वारस म्हणून घ्यावं असं पत्र रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. फॅमिली पेन्शनचा अर्ज मात्र वेगळा करायचा. तो अपिलासाठी अडवून ठेवू नका.

नावाचं म्हणाल, तर आधी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. चूक आधारवर असेल तर आधारच दुरुस्त करा, ते लवकर होतं. फौजेची नोंद चुकली असेल, तरच प्रतिज्ञापत्रासह रेकॉर्ड ऑफिसकडे जा. सायबर कॅफेवाल्याला ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर अंदाजाने स्पेलिंग भरू देऊ नका, आधार, पॅन आणि बँक खातं जुळलं नाही की पैसे तिथंच अडकतात.